धूर कोंडला, गिझरचा गॅस लागला: पहिल्या मिनिटापासून दवाखान्यापर्यंत काय करायचं आणि कोणत्या क्रमानं

थंडीत नाशिक परिसरात धुरानं आणि कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूनं गुदमरण्याच्या घटना घडतात आणि त्यात त्याच त्या चुका पुन्हा होतात. वाचवायला धावलेला माणूस आत जाऊन स्वतःच पडतो. बाहेर काढलेल्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावतात, ९८ दिसतं आणि ‘ऑक्सिजन तर ठीक आहे’ म्हणून त्याला घरी झोपवतात. बाथरूममध्ये कोसळलेल्याला फिट आली असं समजून कांदा नाही तर चप्पल हुंगवण्यात दहा मिनिटं जातात. उपचार अवघड नाही, पण त्याचा क्रम चुकला तर तो हाताशी असूनही उपयोगी पडत नाही.

खालचे पहिले पाच टप्पे घरच्यांसाठी, सोसायटीच्या वॉचमनसाठी आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या प्रथमोपचार करणाऱ्यांसाठी आहेत. सहावा टप्पा छोट्या दवाखान्यातले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर व सिस्टर यांच्यासाठी. सातवा पुन्हा सगळ्यांसाठी.

## आधीची तयारी

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. जळायला पुरेशी हवा मिळाली नाही की गॅस, कोळसा, लाकूड, डिझेल, पेट्रोल सगळ्यांतून तो निघतो. म्हणून घरातली आणि कामावरची धोक्याची ठिकाणं आधीच माहीत हवीत:

- बाथरूमच्या आत बसवलेला गॅस गिझर
- काचेच्या सरकत्या खिडक्या लावून बंद केलेली ड्राय बाल्कनी आणि तिच्यात टांगलेला गिझर
- निफाड-पिंपळगावकडे पारा पाच अंशांखाली गेला की द्राक्षबागेतल्या राखणदाराच्या खोलीत रात्रभर ठेवली जाणारी शेगडी
- दुकानाच्या किंवा मंगल कार्यालयाच्या मागच्या बंद खोलीत चालवलेला जनरेटर
- शटर ओढून गाडी चालू ठेवलेलं गॅरेज

यात शेगडी सर्वांत फसवी. कोळसे पेटताना धूर होतो म्हणून ती बाहेर ठेवतात, निखारे लालबुंद झाले आणि धूर थांबला की आत आणतात. धूर थांबला तरी निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो, आणि आता तो आहे हे सांगणारी कोणतीच खूण उरलेली नसते.

हाताशी काय हवं? फोनमध्ये १०८ (रुग्णवाहिका), ११२ (आपत्कालीन) आणि १०१ (अग्निशमन) हे क्रमांक. कारखान्यात, मोठ्या सोसायटीत आणि प्रत्येक छोट्या दवाखान्यात भरलेला बी टाइप ऑक्सिजन सिलेंडर, त्याची चावी सिलेंडरलाच बांधलेली, मिनिटाला १५ लिटरपर्यंत जाणारा फ्लोमीटर (ऑक्सिजनचा प्रवाह दाखवणारं मीटर), आणि पिशवी असलेला नॉन-रीब्रीदर मास्क, मोठ्यांचा आणि मुलांचा. नाकातली नळी आणि साधा मास्क इथे अपुरे पडतात.

तपासा: महिन्यातून एकदा सिलेंडर उघडून काटा बघा. ‘भरलेला आहे’ असा कागद चिकटवलेला सिलेंडर रिकामा निघणं हा नेहमीचा प्रकार आहे. जोडणीला तेल किंवा ग्रीस लावू नका, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेतं.

## टप्पा १: ओळखा

डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, उलटी, पायांतलं बळ जाणं, छातीत धडधड, गोंधळल्यासारखं बोलणं. ही लक्षणं पित्ताची वाटतात, बीपी कमी झाल्याची वाटतात, बाहेरच्या खाण्याची वाटतात. खालच्यापैकी एक जरी गोष्ट जुळली तरी विषबाधा धरूनच चाला:

१. एकाच घरातल्या, खोलीतल्या किंवा शेडमधल्या दोघा-तिघांना एकाच वेळी डोकेदुखी किंवा उलटी.
२. बाहेर आलं की बरं वाटतं, आत गेलं की पुन्हा सुरू.
३. आंघोळीला गेलेला माणूस हाकेला ओ देत नाही आणि आत पाण्याचा किंवा गिझरचा आवाज चालू आहे.
४. घरातलं कुत्रं-मांजर सुस्त पडलंय.

अंग लालबुंद दिसण्याची वाट पाहू नका. ते क्वचित आणि फार उशिरा दिसतं. झटकेही येऊ शकतात. ज्याला कधीच फिट आलेली नाही त्याला पहिलीच फिट गॅस गिझरच्या बाथरूममध्ये आली, तर आधी गॅसचा संशय घ्या.

## टप्पा २: आत जायचं की नाही

धुरानं भरलेल्या खोलीत श्वसनयंत्राशिवाय जाऊ नका. तोंडावर ओला रुमाल बांधल्यानं काजळी थोडी अडते, कार्बन मोनॉक्साइड मुळीच अडत नाही. एन-९५ मास्कचंही तसंच. आग असेल तर १०१ आणि माणसाला बाहेरूनच हाका मारून दाराकडे बोलावणं, एवढंच आपल्या हातात आहे. स्वतः धुरात सापडलात तर जमिनीलगत रांगत बाहेर पडा, कारण गरम धूर वर जमतो.

धूर नाही, फक्त गिझर किंवा शेगडी आहे, तर क्रम असा ठेवा:

१. आधी हाक मारून दुसरा माणूस बोलवा. एकट्यानं आत जाऊ नका.
२. बाहेरूनच जे बंद होतं ते बंद करा: सिलेंडरचा रेग्युलेटर, गिझरकडे जाणारा पाण्याचा कॉक. पाणी थांबलं की बहुतेक गॅस गिझर विझतात.
३. दार उघडा किंवा तोडा, खिडकीची काच फोडा आणि बाजूला उभे राहा. घराचं मुख्य दार आणि समोरची खिडकीही सताड उघडा म्हणजे हवा आरपार वाहील.
४. बाहेर खोल श्वास घ्या, तो रोखून आत जा, काखेत हात घालून किंवा चादरीवर घेऊन ओढत आणा. एका श्वासात जमलं नाही तर माणूस तिथेच सोडून बाहेर या, श्वास घ्या, मग पुन्हा जा. स्वतःला गरगरलं तर दुसऱ्याला पुढे करा.

सावधान: आत गॅसचा उग्र वास येत असेल तर गोष्ट वेगळी आहे. तो न जळलेला गॅस, आणि सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्यानं खाली साचतो. अशा वेळी दिवा, पंखा, एक्झॉस्ट कशाचंच बटण दाबू नका, चालू असलेलं बंदही करू नका. सिलेंडर बाहेरून बंद करा, सगळ्यांना दूर न्या आणि १९०६ या गॅसगळतीच्या क्रमांकावर कळवा.

बाथरूमच्या दारात नातेवाइकांची गर्दी होते आणि सगळे आत डोकावत राहतात. त्यांना लांब पाठवा. जी हवा आतल्याला पाडते तीच दार उघडल्यावर बोळात येते.

## टप्पा ३: बाहेर आणल्यावरची पहिली पाच मिनिटं

जिन्यात नव्हे, शेजारच्या खोलीत नव्हे. गच्चीवर, अंगणात, रस्त्यावर, जिथे हवा खेळती असेल तिथे न्या. बाथरूममधून ओल्या अंगानं आणलेल्याला लगेच टॉवेल-चादरीत गुंडाळा. लाजेपायी कपडे घालण्यात वेळ घालवू नका, चादर पुरते.

१. खांदे हलवून हाक मारा. प्रतिसाद नाही आणि श्वास नाही, किंवा अधूनमधून आचके दिल्यासारखा श्वास आहे, तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा. मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर. गुदमरून थांबलेल्या हृदयाला हवाही लागते, म्हणून शिकलेला माणूस असेल तर ३० दाब आणि २ श्वास. कुणीच शिकलेलं नसेल तर नुसते दाब, पण न थांबता.

२. श्वास आहे पण शुद्ध नाही, तर कुशीवर वळवा, हनुवटी किंचित वर. या विषबाधेत बऱ्याचदा उलटी होते, आणि उताण्या माणसाची उलटी फुप्फुसात जाते.

३. शुद्धीत आहे तर बसवा किंवा टेकवून ठेवा. चालवू नका, जिने उतरवायचे असतील तर खुर्चीत बसवून उतरवा. चालण्यानं शरीराची ऑक्सिजनची गरज वाढते आणि उठून दोन पावलं टाकली की माणूस पुन्हा कोसळतो.

४. तोंडातून काही देऊ नका. लिंबूपाणी, साखरपाणी, दूध, ताक, काहीच नाही.

आगीतून काढलेल्याचं तोंड आणि नाक उजेडात नीट बघा. नाकातले केस जळालेले, जिभेवर किंवा थुंकीत काजळी, ओठ सुजलेले, आवाज घोगरा, श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज: यांतलं एकही दिसलं तर घसा आतून भाजलाय असं धरा. असा माणूस आत्ता बोलत असतो, पाणी मागत असतो, आणि पुढच्या काही तासांत सूज वाढून त्याचा श्वासमार्ग बंद होऊ शकतो. ‘बोलतोय ना, मग उद्या दाखवू’ हे इथे चालत नाही.

भाजलेल्या जागेवर नळाचं साधं पाणी २० मिनिटं सोडा, पण शुद्ध आणि श्वास ठीक असेल तरच, आणि ऑक्सिजन सुरू ठेवून. अंगठ्या, बांगड्या, जोडवी सूज येण्याआधी काढा. चिकटलेलं कापड ओढू नका. टूथपेस्ट, हळद, बर्फ लावू नका.

## टप्पा ४: ऑक्सिजन, भरपूर आणि लगेच

कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. साध्या हवेत त्यातला निम्मा सुटायला चार ते सहा तास लागतात. मास्कनं शुद्ध ऑक्सिजन दिला तर निम्मा साधारण एक ते दीड तासात सुटतो. मेंदू आणि हृदय यांना होणारी इजा या तासांवर ठरते, म्हणून निदान पक्कं होण्याची वाट न बघता संशयावर ऑक्सिजन सुरू करायचा.

१. सिलेंडर उभा बांधा किंवा आडवा ठेवा, पडेल किंवा गडगडेल असा ठेवू नका. फ्लोमीटर १५ लिटरवर ठेवा.
२. मास्क लावण्याआधी पिशवीतली झडप बोटानं दाबून पिशवी पूर्ण फुगवा. ही पायरी सर्रास चुकते. रिकाम्या पिशवीचा मास्क लावला की गुदमरलेला माणूस घाबरून तो ओढून काढतो.
३. मास्क नाकावर दाबून बसवा, इलॅस्टिक ओढा. श्वास घेताना पिशवी थोडी आत जायला हवी, पण पूर्ण चपटी होता कामा नये. चपटी होत असेल तर प्रवाह पूर्ण १५ वर आहे ना ते बघा.
४. ह्युमिडिफायरची (ऑक्सिजन ओलसर करणारी, पाण्याची) बाटली असेल तर तिचं झाकण घट्ट आहे का बघा. सैल झाकणातून बराच ऑक्सिजन बाहेर जातो आणि फ्लोमीटर मात्र १५ दाखवत राहतो.
५. ऑक्सिजन सुरू केल्याची वेळ कागदावर लिहा. दवाखान्यात हीच वेळ लागते.

कोविडनंतर घराघरात आलेला पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र) या कामाला पुरत नाही. दुसरं काहीच नसेल तर लावा, पण त्याच्या भरवशावर घरी थांबू नका. दमेकऱ्याला किंवा जुन्या फुप्फुसविकाराच्या माणसाला जास्त ऑक्सिजन नको, ही भीतीही इथे बाजूला ठेवा.

### ऑक्सिमीटरच्या आकड्याबद्दल

बोटाला लावायचं यंत्र दोन रंगांच्या प्रकाशावरून अंदाज बांधतं, आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजन चिकटलेल्यासारखंच दिसतं. रक्तातलं तीस टक्के हिमोग्लोबिन अडकलेलं असतानाही ते ९७-९८ दाखवू शकतं. कमी आकडा आला तर तो गंभीर मानाच, पण चांगल्या आकड्यावर विसंबून मास्क काढू नका, आणि ‘नॉर्मल आहे’ असं नातेवाइकांना सांगू नका.

## टप्पा ५: फोन आणि प्रवास

दुसऱ्या माणसानं फोन टप्पा २ च्या सुरुवातीलाच करायला हवा. बोलायचं एवढंच: ‘बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता, तिशीतली बाई बेशुद्ध, श्वास चालू आहे, ऑक्सिजन असलेली गाडी पाठवा, पत्ता हा, खूण ही.’ ‘चक्कर आली’ एवढंच सांगितलं तर पलीकडच्याला निकड कळणार कशी?

मग घरातले सगळे मोजा. आतल्या खोलीत झोपलेलं बाळ, आजी, शेजारच्या डक्टला (इमारतीतल्या पाइपांच्या उभ्या पोकळीला) लागून असलेल्या बाथरूममधले लोक. वायू दाराच्या फटीतून आणि डक्टमधून पसरतो. ज्यांचं थोडंसं डोकं दुखतंय त्यांनाही सोबत न्या. गरोदर बाई बरी दिसली तरी न्यायचीच, कारण पोटातल्या बाळाच्या रक्तात हा वायू आईपेक्षा जास्त साठतो आणि उशिरा निघतो.

ऑक्सिजन पुरेल का, याचं गणित सोपं आहे. पूर्ण भरलेल्या बी टाइप सिलेंडरमध्ये सुमारे १५०० लिटर असतो. मिनिटाला १५ लिटरनं तो १०० मिनिटं चालतो, काटा अर्ध्यावर असेल तर ५० मिनिटं. पेठहून सावळ घाट चढून नाशिकला यायला दीड तास धरला तर एक भरलेला सिलेंडर जेमतेम पुरतो, सुरगाण्याहून दोन हवेत. मुंबईला हलवायचं असेल तर चार तासांना ३६०० लिटर लागतात, म्हणजे तीन सिलेंडर, आणि कसाऱ्यात वाहतूक अडली तर आणखी एक.

गाव दूर असेल आणि रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल तर रुग्णाला ऑक्सिजन असलेल्या जवळच्या आरोग्य केंद्राकडे घेऊन निघा आणि १०८ ला तिथेच बोलवा. खासगी गाडीत खिडक्या उघड्या, रुग्ण कुशीवर, एक माणूस सतत श्वासावर लक्ष ठेवून. पोलिस केस होईल या धास्तीनं दवाखाना टाळणारे बरेच आहेत. नोंद होते, ती डॉक्टर करतात. उपचार तिच्यासाठी अडत नाहीत आणि अडूही नयेत.

## टप्पा ६: दवाखान्यात

पहिली दहा मिनिटं. मास्क तसाच ठेवून श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण बघा. साखर तपासा. ईसीजी सगळ्यांचा काढा, तरुणांचाही, आणि ट्रोपोनिन पाठवा. कार्बन मोनॉक्साइडनं हृदयाच्या स्नायूला इजा होते आणि छातीत न दुखताही होते.

रक्त. कार्बॉक्सिहिमोग्लोबिनसाठी (कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण) हेपॅरिन लावलेल्या सिरिंजमध्ये नमुना लगेच घ्या, शिरेतला चालतो. सोय नसेल तर नमुना घेऊन वेळ लिहून पुढच्या रुग्णालयात पाठवा. साध्या एबीजीवर (धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी) फसू नका: विरघळलेला ऑक्सिजन नॉर्मल येतो आणि बरीच यंत्रं त्यावरून सॅच्युरेशन नुसतं गणितानं काढतात. हे प्रमाण प्रत्यक्ष मोजणारी को-ऑक्सिमेट्रीच हवी. धूम्रपान न करणाऱ्यात ३ टक्क्यांवर आणि करणाऱ्यात १० टक्क्यांवर आकडा आला तर विषबाधा. मात्र रस्त्यात तासभर ऑक्सिजन मिळालेल्या रुग्णाचा आकडा उतरलेला असतो. त्यामुळे रुग्णाची अवस्था आकड्यापेक्षा मोठी.

श्वासमार्ग. घोगरा आवाज, शिट्टी, तोंडात काजळी आणि चेहरा भाजलेला असेल तर अनुभवी माणसाला लगेच बोलवा आणि नळी लवकर घाला. सूज वाढल्यावर नळी जात नाही. मोठ्यांमध्ये शक्यतो ८ नंबरची नळी, म्हणजे पुढे ब्रॉन्कोस्कोपी करता येते. घरघर असेल तर सालब्युटामोल, पण नेब्युलायझर ऑक्सिजनवर चालवा. कॉम्प्रेसरवर लावलात तर तितका वेळ रुग्ण साध्या हवेवर राहतो. स्टेरॉइड आणि प्रतिजैविकं ‘असू द्या’ म्हणून सुरू करू नयेत.

सायनाइडचा विचार. फोमच्या गाद्या, सोफे, नायलॉन, लोकर, प्लास्टिक जळालेल्या बंद जागेतून आलेला रुग्ण, तोंडात काजळी, शुद्ध हरपलेली, बीपी पडलेलं, लॅक्टेट लिटरला १० मिलिमोल किंवा जास्त: हे चित्र नुसत्या कार्बन मोनॉक्साइडचं नाही. सायनाइडवरचा उतारा हायड्रॉक्सोकोबालामिन मिळत असेल तर मोठ्यांना ५ ग्रॅम शिरेतून १५ मिनिटांत, मुलांना किलोला ७० मिलिग्रॅम. ते देण्याआधी सगळे रक्तनमुने घ्या, कारण त्याच्या लाल रंगानं को-ऑक्सिमेट्रीसकट अनेक तपासण्या बिघडतात. ते नसेल तर सोडियम थायोसल्फेट १२.५ ग्रॅम सावकाश शिरेतून, पण त्याचा परिणाम उशिरा दिसतो. नायट्राइट देऊ नका. त्यानं आणखी हिमोग्लोबिन निकामी होतं, आणि या रुग्णाकडे ते आधीच कमी उरलेलं असतं.

किती वेळ ऑक्सिजन? लक्षणं पूर्ण जाईपर्यंत आणि आकडा नॉर्मल होईपर्यंत, साधारण सहा तास. गरोदर बाईला आईच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ, पाचपटीपर्यंत.

हायपरबेरिक ऑक्सिजन. दाबाच्या खोलीत निम्मा वायू २० ते ३० मिनिटांत सुटतो. शुद्ध हरपली होती, मेंदूची लक्षणं आहेत, ईसीजीत बदल आहे, आकडा २५ टक्क्यांवर आहे, किंवा गरोदर बाईचा १५ ते २० टक्क्यांवर आहे, तर अशी खोली असलेल्या केंद्राशी फोनवर बोला. शक्यतो सहा तासांच्या आत. फायद्याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही, म्हणून डगमगत्या बीपीच्या रुग्णाला केवळ त्यासाठी घाटातून हलवणं आम्हाला पटत नाही. आधी स्थिर करा, मास्क चालू ठेवा, मग ठरवा.

## टप्पा ७: घरी सोडताना आणि नंतर

बरा होऊन गेलेला माणूस दोन दिवसांपासून सहा आठवड्यांपर्यंत कधीही पुन्हा बिघडू शकतो. विसरभोळेपणा, चिडचिड, चाल बदलणं, हात थरथरणं, कपड्यात लघवी होणं. घरचे याला ‘धक्का बसलाय’ म्हणतात आणि ताईत बांधायला जातात. डिस्चार्जच्या कागदावर ही लक्षणं मराठीत लिहून द्या, एका जवळच्या माणसाला वाचून दाखवा आणि महिना-दीड महिन्यानं तपासायला बोलवा. दोन ते चार आठवडे जड काम नको, बिडी-सिगारेट नको.

ज्या घरात हे झालं तिथे गिझर तपासल्याशिवाय परत राहायला जाऊ नये. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी टांगा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी आणा. एक्झॉस्ट फॅन लावला म्हणजे झालं असं नाही. बाहेरची हवा आत यायला खाली जाळी नसेल तर फॅन नुसता फिरतो, कधी जळालेली हवाच आत ओढतो. पिवळी ज्योत किंवा गिझरवर काजळी दिसली तर वापर त्याच क्षणी थांबवा. निळी ज्योत मात्र सुरक्षिततेची हमी नाही.

गिझर हलवेपर्यंत आंघोळीचं पाणी बादलीत भरून घ्या, गिझर बंद करा, खिडकी उघडा आणि मगच आंघोळीला जा. घरात गॅस, कोळसा किंवा जनरेटर वापरत असाल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोलीजवळ लावा आणि त्याची तारीख संपली की बदला. बाथरूमची आतली कडी काढून बाहेरून नाण्यानं उघडता येईल असं लॉक बसवून घ्या, आणि ते कसं उघडायचं हे घरातल्या प्रत्येकाला, मुलांनासुद्धा, एकदा करून दाखवा.